प्रकल्प नोंदी: अल्फेट्टा आणि फेरारी ३७५ यांच्या दोन छेद-प्रतिकृती

९ जून २०२४

नव्या कामाला आज हात घातला. शर्यतीच्या दोन मोटारींच्या लाकडी प्रतिकृती करायच्या आहेत. दोन्ही एकास दहा प्रमाणात असतील आणि दोन्ही मधोमध उभ्या चिरलेल्या असतील, म्हणजे डावीकडून पाहणाऱ्याला अख्खी मोटार दिसेल आणि उजवीकडून पाहणाऱ्याला तिच्या पोटातले इंजिन, गिअरबॉक्स आणि इंधनाची टाकी दिसेल. पहिली मोटार अल्फा रोमिओची १५८, जिला इटलीत लाडाने ‘अल्फेट्टा’, म्हणजे धाकटी अल्फा, असे म्हणत. दुसरी फेरारीची ३७५. पहिलीने युद्धानंतरची पाच वर्षे कोणालाही पुढे जाऊ दिले नाही आणि दुसरीने तिला १९५१ मध्ये हरवले. या दोघींमधला फरक मला पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचा आहे. शर्यतीच्या गोष्टी बहुधा चालकांच्या छातीठोकपणाच्या म्हणून सांगितल्या जातात. ज्याची सारी नोकरी ओतकामाच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यांसाठी लाकडी नमुने घडवण्यात, गेली, त्याचे लक्ष मात्र आधी टाकीकडे आणि सिलिंडरकडे जाते.

मूळ प्रश्न नियमाचा आहे. युद्ध संपल्यावर ग्रांप्री शर्यतींसाठी जो नियम ठरला, त्याने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या: सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, लावायचा असेल तर इंजिन दीड लिटरचे, आणि न लावता नुसत्या हवेच्या दाबावर चालवायचे असेल तर साडेचार लिटरचे. हा आकडा कोणा विद्वानाने गणित मांडून काढला नव्हता. इटालियनांच्या गोदामांत युद्धापूर्वीच्या दीड लिटरच्या छोट्या मोटारी पडून होत्या, फ्रेंचांकडे साडेचार लिटरच्या मोठ्या मोटारी होत्या, आणि जे हाताशी आहे त्यावर शर्यती सुरू करायच्या होत्या. एकाच प्रश्नपत्रिकेला दोन वेगळी उत्तरे चालतील, असे त्यामुळे ठरून गेले. माझ्या दोन प्रतिकृती म्हणजे ती दोन उत्तरे आहेत.

१६ जून २०२४

आज रेखाटनांची जुळवाजुळव केली. अल्फेट्टाचा बाजूने दिसणारा आकार मोठ्या कागदावर उतरवला. दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर सुमारे २५० सेंटिमीटर आहे, म्हणजे माझ्या कागदावर २५ सेंटिमीटर. आकृती काढताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली: नाकापासून चालकापर्यंत सगळे इंजिनच आहे आणि चालकाच्या पाठीमागे सगळी टाकीच आहे, माणसाला दोहोंच्या मध्ये कसेबसे खुपसलेले आहे.

या मोटारीची जन्मकथा माहितीफलकावर यायला हवी, म्हणून ती येथे नोंदवून ठेवतो. १९३७ मध्ये अल्फा रोमिओने आपला अभियंता जोआक्कीनो कोलोंबो याला मोदेना येथे एन्झो फेरारीच्या कार्यशाळेत पाठवले, कारण त्या काळी अल्फाच्या शर्यतींची सर्व व्यवस्था फेरारीच पाहत असे. अल्फेट्टा तेथे आखली गेली आणि तेथेच बांधली गेली. ऑगस्ट १९३८ मध्ये लिव्होर्नोला ती पहिल्यांदा धावली आणि एमिलिओ व्हिलोरेसीने त्याच दिवशी तिला जिंकून दिले. पुढच्या वर्षी फेरारी अल्फापासून वेगळा झाला आणि चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरणार नाही, असे त्याने लिहून दिले. म्हणजे जिला हरवण्यासाठी त्याने पुढे आयुष्याची दहा-बारा वर्षे खर्च केली, ती मोटार त्याच्याच अंगणात जन्मलेली होती. हे मी रंगवून सांगत नाही, घडलेच तसे.

युद्धाच्या काळात मिलानमधल्या पोर्तेल्लो येथील अल्फाच्या कारखान्यावर बॉम्ब पडले, पण अल्फेट्टा आधीच शहराबाहेर लपवून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या वाचल्या. जून १९४६ मध्ये पॅरिसजवळ सँ-क्लू येथे त्या पुन्हा मैदानात आल्या आणि उतरलेल्या दोन्ही मोटारींनी क्लचच्या बिघाडाने मान टाकली. त्यानंतर जुलैत जिनिव्हाला अल्फाचा चालक फारिना जिंकला आणि तेथून ही मोटार ज्या शर्यतीत उतरली ती तिचीच झाली. १९४९ साली तर कंपनीने संघ उतरवलाच नाही, आणि १९५० मध्ये परत येऊन पहिल्या जागतिक अजिंक्यपदाच्या ज्या सहा शर्यतींत भाग घेतला त्या साऱ्या जिंकल्या. मे १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला गारांच्या पावसामुळे सहाच फेऱ्यांत थांबवलेली एक स्पर्धा या मालिकेत बसत नाही. ती थांबली तेव्हा पुढे एक फेरारी होती. ही किरकोळ बाब मी फलकावर मुद्दाम लिहिणार आहे, कारण ‘अजिंक्य’ हा शब्द लिहिताना हात आखडता असलेला बरा.

२३ जून २०२४

शिवणीचे दोन ओंडके आणले. सागवान या कामाला जड आणि आडमुठे पडते. शिवण पटाशीला सरळ उतरते आणि रंग छान धरते. पावसाळी हवेमुळे लाकूड थोडे ओले वाटते आहे, म्हणून आठवडाभर घरातच पंख्याखाली ठेवतो.

३० जून २०२४

आज कामापेक्षा विचार अधिक झाला, पण त्यातून प्रकल्पाला दिशा मिळाली.

प्रमाण एकास दहा असले की लांबी दहाव्या हिश्शावर येते, हे सर्वांना कळते. घनफळ मात्र हजाराव्या हिश्शावर येते, हे कागदावर मांडेपर्यंत माझ्याही लक्षात आले नव्हते. म्हणजे खऱ्या मोटारीतला एक लिटर माझ्या प्रतिकृतीत नेमका एक मिलिलिटर होतो. यापेक्षा सोयीचे काय असणार? अल्फेट्टाच्या सिलिंडरचा व्यास ५८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७० मिलिमीटर. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे १८५ घन सेंटिमीटर भरते आणि आठांचे मिळून १,४७९. म्हणजे प्रतिकृतीच्या मापाने हे अख्खे इंजिन दीड मिलिलिटरसुद्धा नाही. औषधाच्या दुकानातून दोन मिलिलिटरची एक सिरिंज आणली आणि तिच्यात दीडच्या खुणेपर्यंत पाणी भरून नातीला दाखवले. ती म्हणाली, “आबा, एवढंच? हे तर तापाच्या औषधापेक्षा कमी आहे.” फेरारी ३७५ च्या सिलिंडरचा व्यास ८० आणि धाव ७४.५ मिलिमीटर, सिलिंडर बारा, एकूण घनफळ ४,४९४. म्हणजे तिच्यासाठी पाच मिलिलिटरची सिरिंज लागेल. दोन्ही सिरिंजा आपापल्या मोटारीशेजारी उभ्या करायच्या, असे ठरवले.

मग इंधनाचा हिशेब केला. १९५१ पर्यंत अल्फेट्टाची सुधारित आवृत्ती, म्हणजे १५९, सुमारे ४२० अश्वशक्ती देत होती. मूळच्या १९३८ च्या इंजिनाची शक्ती २०० च्या आतच होती. ही दुप्पट वाढ घनफळ न वाढवता केलेली आहे. दोन टप्प्यांचा सुपरचार्जर हवा दाबून दाबून सिलिंडरमध्ये कोंबत असे आणि दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करण्यासाठी मिथेनॉल हे मुख्य इंधन वापरत. मिथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेते. मात्र एक किलो मिथेनॉल जाळायला साडेसहा किलोच्या आसपास हवा पुरते, तर पेट्रोलला साडेचौदा किलोहून अधिक लागते. म्हणून तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त ओतावे लागते. शिवाय सुपरचार्जर फिरवायला जी शक्ती खर्च होते तिचेही इंधन वेगळे. परिणाम असा की या मोटारीला एका लिटरमध्ये अर्ध्या किलोमीटरच्या थोडेसेच पुढे जाता येत असे.

४१८ किलोमीटरच्या शर्यतीसाठी त्या मानाने साडेसातशे लिटरच्या आसपास इंधन हवे, आणि त्याचे वजन सहाशे किलोच्या घरात जाते. मोटार स्वतः रिकामी असताना सातशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे अख्ख्या शर्यतीचे इंधन एका वेळी न्यायचे म्हटले, तर मोटारीने जवळजवळ दुसरी मोटार खांद्यावर घेऊन धावायचे. माझ्या मापात हे इंधन साडेसातशे मिलिलिटर होते; फ्रिजमधल्या पाण्याच्या मध्यम बाटलीएवढे. टेबलावर एका बाजूला दीड मिलिलिटरची सिरिंज आणि दुसऱ्या बाजूला ती बाटली ठेवली आणि बराच वेळ पाहत बसलो. प्रतिकृतीचा विषय मला आज सापडला. विषय शक्तीचा नाही, तहानेचा आहे.

७ जुलै २०२४

आज माझ्याच हातून झालेली चूक लिहून ठेवणे भाग आहे. अल्फेट्टाच्या शरीराचे दोन अर्धे वेगवेगळ्या दिवशी कोरले होते. आज ते समोरासमोर ठेवले तेव्हा उजवा अर्धा डाव्यापेक्षा लांब निघाला. सुरुवातीला लाकूड फुगले असावे, असे वाटले आणि पावसाला दोष देऊन मोकळा झालो. मग गुण्या लावून मोजले. चाकांच्या आसांमधले अंतर डावीकडे बरोबर २५० मिलिमीटर आणि उजवीकडे २५३ च्या किंचित वर. हा आकडा पाहताच कानशिले तापली. ॲल्युमिनिअमचा रस गोठताना आकसतो, म्हणून पॅटर्नची मापे घेताना आम्ही मीटरमागे सुमारे १३ मिलिमीटर मोठ्या खुणा असलेली श्रिंकेज स्केल वापरत असू. निवृत्त होताना ती पट्टी मी आठवण म्हणून घरी आणली होती, आणि उजव्या अर्ध्याच्या दिवशी सवयीने हात तिच्याकडेच गेला होता.

पट्टी आता कपाटात कुलपाखाली आहे. उजवा अर्धा नव्याने करावा लागेल, आठवडा गेला. एका अर्थी तो लाकडी तुकडा शुद्ध पॅटर्न झाला आहे, कोणी ॲल्युमिनिअममध्ये ओतला तर बरोबर मापाचा निघेल.

१४ जुलै २०२४

आजची तारीख ठरवून साधलेली नाही, पण १९५१ च्या सिल्व्हरस्टोन शर्यतीचा फलक लिहायला बसलो आणि पाहतो तर दिवसही तोच.

सिल्व्हरस्टोन हे इंग्लंडमधले युद्धकाळातले विमानतळ. धावपट्ट्यांभोवतीच्या रस्त्यावर शर्यत होत असे. ९० फेऱ्या, एकूण सुमारे ४१८ किलोमीटर. आदल्या दिवसांच्या सरावातच धक्का बसला होता: अर्जेंटिनाच्या होसे फ्रोइलान गोन्झालेझने फेरारीतून १ मिनिट ४३.४ सेकंदांची फेरी काढली आणि त्याचाच देशबांधव फांजिओ अल्फामधून पूर्ण एका सेकंदाने मागे राहिला. गोन्झालेझ अंगाने आडवा-तिडवा, बसण्याची पद्धत ओबडधोबड. त्याला ‘पांपाचा बैल’ म्हणत. त्याच्या हाती संघातली नवी मोटारही नव्हती. संघातल्या अस्कारी आणि लुईजी व्हिलोरेसी यांच्याकडे प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेले नवे इंजिन होते, याच्याकडे गेल्या वर्षीचे एका प्लगचे.

शर्यत सुरू झाल्यावर पहिल्या फेरीत अल्फाचा बोनेत्तो पुढे होता, पण थोड्याच वेळात गोन्झालेझ आणि फांजिओ यांनी बाकीच्यांना मागे टाकले आणि दोघांत अदलाबदल चालू राहिली. अल्फांना इंधनासाठी दोनदा थांबावे लागले, फेरारीला एकदा. गोन्झालेझ आपल्या थांब्यासाठी आला तेव्हा अस्कारीची मोटार बिघडून तो पायी परतला होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे संघातला ज्येष्ठ चालक कनिष्ठाची मोटार मागून घेऊ शकत असे. गोन्झालेझने मोटारीतून उतरण्याची तयारी दाखवली आणि अस्कारीने ती नाकारून त्याला पुढे पिटाळले. मला या शर्यतीतला हाच क्षण सर्वांत आवडतो, कारण यात इंजिनाचा काही संबंध नाही.

गोन्झालेझने २ तास ४२ मिनिटे १८.२ सेकंदांत शर्यत संपवली आणि फांजिओ ५१ सेकंदांनी मागून आला. ५१ सेकंद! हा आकडा मी पुन्हा पुन्हा पाहतो. टाकी भरायला मोटारीला वेग कमी करून आत यायचे, थांबायचे आणि पुन्हा वेग पकडून बाहेर पडायचे, या साऱ्यात एक थांबा सहज तेवढा वेळ खातो. वर भरलेल्या टाकीचे ओझे घेऊन पुढच्या कित्येक फेऱ्या जड अंगाने काढाव्या लागतात ते निराळेच. फांजिओ त्या दिवशी गोन्झालेझपेक्षा कमी प्रतीचा चालक ठरला, असे मी म्हणणार नाही. तो एका थांब्याने हरला, हे म्हणायला मात्र माझी तयारी आहे. एन्झो फेरारीने पुढे लिहून ठेवले की त्या दिवशी आनंदाने रडू आले, पण आपण आपल्या आईलाच मारले असेही वाटले. १६ जूनची नोंद वाचली की या वाक्यातला भडकपणा कमी होतो.

२८ जुलै २०२४

अल्फेट्टाचा उजवा अर्धा पुन्हा कोरून झाला आणि डाव्याशी केसाचाही फरक न राहता जुळला. आता फेरारी.

फेरारीच्या मोटारींची नावे मला पॅटर्न नंबरांसारखी वाटतात, कारण त्यांत मापच दडलेले आहे: आकडा म्हणजे एका सिलिंडरचे घनफळ. १२५ म्हणजे सव्वाशे घन सेंटिमीटरचे बारा सिलिंडर, झाले दीड लिटर. ३७५ ला बाराने गुणले की साडेचार लिटर. अल्फाची पद्धत वेगळी, १५८ मधले १५ म्हणजे दीड लिटर आणि ८ म्हणजे सिलिंडर. १५९ आल्यावर ती पद्धत त्यांनीच मोडली, कारण नववा सिलिंडर काही आला नव्हता.

फेरारीने सुरुवात अल्फाच्याच वाटेने केली होती. कोलोंबोनेच आखलेले दीड लिटरचे, सुपरचार्जर लावलेले बारा सिलिंडरचे इंजिन घेऊन १२५ ही मोटार सप्टेंबर १९४८ मध्ये तोरिनोच्या व्हालेंतिनो उद्यानातल्या इटालियन ग्रांप्रीत उतरली आणि तिचा चालक सोमेर याने तिसरा क्रमांक मिळवला. अल्फाच्या अनुपस्थितीत १९४९ मध्ये अस्कारीने स्वित्झर्लंड आणि मोंझा येथे ती जिंकून दिली. पण अल्फा परत आल्यावर तिच्याच खेळात तिला हरवणे जमेना. औरेलिओ लाम्प्रेदी या तरुण अभियंत्याने मग फेरारीला दुसरी वाट धरायला लावली: सुपरचार्जर काढून टाका, घनफळ वाढवा, इंधन वाचवा. त्याने एका उडीत साडेचार लिटर गाठले नाहीत, हे मला कारागिराचे लक्षण वाटते. जून १९५० मध्ये स्पाला ३.३ लिटर, मग जिनिव्हाला ४.१ आणि सप्टेंबरमध्ये मोंझाला पूर्ण ४.५. तेथे अस्कारीचे पहिले इंजिन मोडले, त्याने संघातल्या सेराफिनीची मोटार घेतली आणि दुसरा क्रमांक काढला. अल्फाच्या माणसांना पुढचे चित्र त्याच दिवशी दिसले असणार.

लाम्प्रेदीच्या इंजिनातली एक बाब मी छेदात ठळक लाल रंगाने दाखवणार आहे. सिलिंडरच्या पोलादी नळ्या त्याने वरच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, आट्यांनी पिळून बसवल्या होत्या, त्यामुळे हेड आणि सिलिंडर यांच्यामध्ये गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारा थर, उरतच नाही. जे नाही ते फुटणार कसे? ओतकामाच्या दृष्टीने हेड हा वेगळा गुंतागुंतीचा तुकडा आणि खालचा भाग सोपा, अशी वाटणी होते. ज्याने रात्रपाळीत इंजिनाभोवती पाणी खेळवणाऱ्या गुंतागुंतीच्या पोकळ्यांचे (वॉटर जॅकेटचे) साचे केले आहेत, त्याला या साधेपणाची किंमत कळेल. बारा नळ्यांसाठी मी पितळेची बारीक नळी कापली. दहाव्या हिश्शाच्या मापाने तिचे भोक आठ मिलिमीटर येते आणि ते योगायोगाने बाजारात तयार मिळते.

११ ऑगस्ट २०२४

तिसरी प्रतिकृती मासेरातीची करावी काय, असा प्रश्न आज स्वतःला विचारला आणि नाही असे उत्तर दिले. तिच्यासाठी एक फलक ठेवतो. मात्र ती वगळली तर या काळाचे चित्र श्रीमंत संघांपुरतेच उरेल. शर्यतीचे मैदान भरत होते ते मासेरातीच्या ४सीएलटी या मोटारीने: चार सिलिंडर, व्यास आणि धाव दोन्ही ७८ मिलिमीटर, दीड लिटर, सुपरचार्जर, आणि नळ्यांची चौकट. १९४८ मध्ये सानरेमोला अस्कारीने ती पहिल्याच खेपेला जिंकून दिली, म्हणून तिचे नावच ‘सानरेमो’ पडले. पैसे मोजणाऱ्या कोणालाही ती विकत मिळत असे. कारखाना तेव्हा ओर्सी कुटुंबाच्या मालकीचा होता. मासेराती बंधू करार संपल्यावर १९४७ मध्ये बोलोन्याच्या बाजूला परतले आणि त्यांनी ‘ओस्का’ काढली. भावांचे आडनाव मोटारीवर आणि भाऊ दुसऱ्याच गावात, अशी ही स्थिती होती.

फांजिओ युरोपात नावारूपाला आला तो याच मोटारीवर. १९४९ मध्ये अर्जेंटिनाच्या संघातर्फे, इटालियन लाल रंगाऐवजी निळ्या-पिवळ्या रंगाच्या मासेरातीत बसून त्याने सानरेमो आणि पो येथील शर्यती जिंकल्या. त्या संघाला आकिल्ले वार्झीचे नाव दिलेले होते. वार्झी १ जुलै १९४८ रोजी बर्नजवळच्या ब्रेमगार्टन रस्त्यावर सरावात, पावसात, अल्फेट्टा उलटून ठार झाला. डोक्यावर कापडी टोपी होती. पुढच्या जानेवारीत विमील ब्युनोस आयर्सला सरावात गेला आणि मे महिन्यात त्रोस्सी आजाराने गेला. वर्षभरात अल्फाचे तीन आघाडीचे चालक संपले, आणि १९४९ मधली कंपनीची अनुपस्थिती लिहिताना या तीन नावांना वगळता येणार नाही.

१८ ऑगस्ट २०२४

आजची नोंद विषयाच्या कडेची आहे. फेरारीच्या पितळी नळ्या बसवत असताना ओळखीचे एक गॅरेजवाले मिस्त्री आले होते. आयुष्यभर त्यांनी फियाटच केल्या. त्यांना चिसितालियाची गोष्ट सांगितली. तोरिनोच्या पिएरो दुझिओने युद्धानंतर लगेच चिसितालिया डी ४६ ही छोटी, एकाच आसनाची शर्यतीची मोटार काढली आणि तिच्यात साधे फियाट ११०० चे इंजिन बसवले. सप्टेंबर १९४६ मध्ये व्हालेंतिनो उद्यानातल्या शर्यतीत, प्रौढ आणि आजारी असलेल्या नुव्होलारीच्या हातात तिचे स्टिअरिंग चाक निघून आले, आणि ते हवेत नाचवत त्याने मोटार पुढे नेली. मिस्त्रींना चाकाचे नवल वाटले नाही. त्यांनी विचारले, “बोअर किती?” ६८, मी म्हणालो, आणि स्ट्रोक ७५. ते हसले. “म्हणजे आमची पद्मिनीच की हो, एक हजार एकोणनव्वद!” कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रीमियर पद्मिनीचे, म्हणजे मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे, माप खरोखर तेच आहे. इंजिनाचे घराणे एकच, नशीब वेगळे.

१ सप्टेंबर २०२४

दोन्ही मोटारींना रंगाचा दुसरा हात दिला. आता चाके. येथे पुन्हा एक माप गोष्ट सांगून जाते.

१९५१ च्या अजिंक्यपदाचा निकाल शेवटच्या शर्यतीवर येऊन ठेपला होता. सिल्व्हरस्टोननंतर अस्कारीने न्युरबुर्गरिंग आणि मोंझा या दोन्ही शर्यती फेरारीला मिळवून दिल्या होत्या. २८ ऑक्टोबरला बार्सेलोनातील पेद्राल्बेस येथे फेरारी संघाने नेहमीच्या अठरा इंचांऐवजी सोळा इंचांची चाके बसवली. लहान चाक तेवढ्याच वेगाला अधिक वेळा फिरते आणि त्याचा टायर अधिक तापतो. फेरारींच्या टायरांचे तुकडे उडू लागले आणि त्यांना पुन्हा पुन्हा थांबावे लागले. फांजिओ अल्फामधून शांतपणे जिंकला आणि पहिल्यांदा जगज्जेता झाला. सिल्व्हरस्टोनला थांबे अल्फाच्या वाट्याला आले होते. पेद्राल्बेसला ते फेरारीच्या वाट्याला आले.

माझ्या मापात अठरा इंचांची रिम ४५.७ मिलिमीटर आणि सोळा इंचांची ४०.६ भरते. फरक पाच मिलिमीटरांचा, पेन्सिलीच्या जाडीहूनही कमी. फेरारीला एका बाजूला मोठे आणि दुसऱ्या बाजूला लहान चाक लावून पाहिले. कोणी दाखवून दिल्याखेरीज चटकन लक्षात येत नाही. अखेर चारही मोठी लावली आणि एक लहान चाक सुटे शेजारी ठेवले.

१५ सप्टेंबर २०२४

फलकांचा मजकूर पूर्ण केला. शेवटच्या फलकावर पुढची हकिकत थोडक्यात आहे: अल्फा सरकारी मालकीची होती, नव्या मोटारीसाठी पैसा मिळाला नाही आणि १९५१ संपताच तिने ग्रांप्री सोडली. फेरारीला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही, म्हणून १९५२ आणि १९५३ चे अजिंक्यपद दोन लिटरच्या मोटारींसाठी खुले केले गेले. त्यात लाम्प्रेदीच्याच चार सिलिंडरच्या फेरारी ५०० वर अस्कारी दोन्ही वर्षे जगज्जेता ठरला. म्हणजे ३७५ लाही आपल्या विजयाचे पीक फार काळ खाता आले नाही. कोलोंबो १९५१ मध्ये परत अल्फाकडे होता, आणि स्वतःच आखलेल्या मोटारीचा पराभव त्याने त्याच बाजूने पाहिला. ही ओळ आधी लिहिली, मग नाट्यमय वाटून खोडली, आणि खरी आहे म्हणून पुन्हा लिहिली.

२२ सप्टेंबर २०२४

ॲक्रिलिकची टाकी आज अल्फेट्टाच्या शेपटीत बसवली. सांधे सुकल्यावर गळते का हे तपासायचे होते, म्हणून ३० जूनची ती साडेसातशे मिलिलिटरची बाटली काढली, पाण्यात थोडी हळद कालवली आणि नात टाकीच्या तोंडाशी नरसाळे धरून उभी राहिली. टाकी काठोकाठ भरली तेव्हा बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक होते. मागच्या बाजूला एका कोपऱ्यातून बारीक थेंब येत होता. तेथे सोमवारी पुन्हा डिंक लावीन. टाकी वाडग्यात रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. तिसऱ्या खेपेला टाकी पूर्ण भरण्याआधीच बाटली संपली. “म्हणजे मध्ये दोनदा थांबायचं,” नात म्हणाली आणि नरसाळे धुवायला घेऊन गेली.